दासगाव ते महाड : पाच मैलांची वाट

आपल्या विहाराच्या दर्शनी भिंतीवर, बोधिवृक्षाच्या चित्राखाली, एक ओळ कित्येक वर्षे होती. येता-जाता आपण सर्वांनी ती वाचलेली आहे, आणि धम्मवर्गातल्या मुलांना तर ती तोंडपाठच होती. ‘२५ डिसेंबर १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले व मनुस्मृतीचे दहन केले.’ ही ओळ आम्हीच लिहून घेतली होती. पेंटरच्या हाती मजकूर देण्यापूर्वी आमच्यातल्या तिघांनी तो वाचला, त्यात एक निवृत्त गुरुजी. कोणालाही काही खटकले नाही. खटकले ते फक्त आक्कांना. पण आक्कांचे ऐकले कोणी?

आक्कांचे सासर पोलादपूरकडचे. सासरे तरुणपणी पोटापाण्यासाठी पुण्यात आले, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. लहान असताना बापाच्या बोटाला धरून ते महाडच्या दुसऱ्या परिषदेला गेले होते. म्हातारपणी ते सुनेला सांगायचे, “आम्ही मिरवणुकीनं तळ्यावरून गेलो, पण पाण्याला हात नाही लावला. तसंच माघारी आलो.” आक्का हे दर २५ डिसेंबरला सांगायच्या आणि आम्ही दर वेळी हसून सोडून द्यायचो. म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात राहिले नसेल, पोर होता तेव्हा, गर्दीत मागे पडला असेल! एवढा मोठा महाडचा सत्याग्रह, आणि पाणी न पिता माघारी?

पुढे या स्मरणिकेसाठी महाडवर लेख द्यायचे ठरले. धनंजय कीरांचे चरित्र, चांगदेव खैरमोड्यांचे खंड घेऊन आम्ही विहारात बसलो, आणि पहिल्याच संध्याकाळी गुरुजींनी चष्मा काढून ठेवला. म्हातारबाबा बरोबर होते. भिंत चुकली होती.

“आता नुसतं पुस्तकात बघून लिहू नका,” आक्का म्हणाल्या, “पायाखाली घालून या.” म्हणून ही सफर निघाली. आम्ही अकरा जण, भाड्याची एक गाडी, आक्का पुढच्या सीटवर, मागे दोन कॉलेजची पोरे आणि एक पाचवीतली मुलगी. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि विकतच्या पाण्याच्या बाटल्यांचा एक अख्खा बॉक्स. त्या बॉक्सवरून पुढे बोलणे झाले, ते येईलच.

गाडी सुटली ती पहाटे गंज पेठेतून. फुलेवाड्यापासूनच निघायचे असा गुरुजींचा हट्ट होता आणि तो बरोबर होता. महाडच्या तळ्याची वाट पुण्यातल्या एका हौदापासून सुरू होते. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आज हे वाक्य आपण एका दमात म्हणून टाकतो. पण त्या काळच्या पुण्यात स्वतःच्या दारातल्या पाण्यावर महार-मांगांना बोलावणे म्हणजे जातीकडून, शेजाऱ्यांकडून वाळीत पडण्याची तयारी ठेवणे होते.

हा विचार कोकणात कोणी नेला? त्यांपैकी एक नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे : गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. पलटणीत नोकरी केली, पेन्शनीत आल्यावर दापोलीस राहिले. फुल्यांच्या विचारांनी भारलेला माणूस. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली, आणि १८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला नको म्हणून गहजब झाला. म्हणजे बाबासाहेब महाडला गेले त्याच्या तीस वर्षे आधी तिथे ठिणगी पडलेली होती. जमीन भाजलेली होती म्हणूनच पेरणी साधली.

चांदणी चौक, पौड, मुळशी असे करत उजाडता उजाडता गाडी ताम्हिणीला लागली. मुळशीचे धरण लागले तेव्हा एका पोराने विचारले, हे पाणी कोणाचे? प्रश्न सोपा नाही. याच खोऱ्यात १९२१ पासून टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला होता, सेनापती बापट त्यात होते. पाण्याखाली जमीन गेलेल्यांची ती लढाई, आणि पाण्याच्या काठावर उभे राहू न दिलेल्यांची ती महाडची लढाई. दोन्हींत अंतर फार थोड्या वर्षांचे आणि थोड्या मैलांचे. पण हा विषय वेगळा, तो पुन्हा कधी.

घाटातल्या वळणांवर गुरुजींनी पहिल्या परिषदेची हकीकत लावून सांगितली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस. ठराव झाला, कागदावर शाई वाळली. पण तळ्यावर जायची छाती कोणाला झाली नाही. तीन वर्षे तळे खुले होते आणि कोणी ओंजळ भरली नव्हती! कायद्याने दिलेला हक्क आणि हातात आलेले पाणी यांच्यात केवढे अंतर असते ते इथे दिसते.

मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावच्या परिसरात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे, तसेच अनंतराव चित्रे, टिपणीस यांच्यासारखी मंडळी खटपट करणारी, अध्यक्ष बाबासाहेब. हजारो लोक पायी आले, कित्येकांच्या फडक्यात घरची भाकरी. आता ती बाटल्यांच्या बॉक्सची गोष्ट. त्या परिषदेला पाणी मिळेना. गावात तळे भरलेले, विहिरी भरलेल्या, आणि परिषदेच्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चाळीस रुपये! १९२७ सालचे. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा मागच्या सीटवरच्या पोराने हातातली बाटली खाली ठेवली. काही बोलला नाही. आक्का म्हणाल्या, “पी रे बाबा, तहान लागली तर पी. ते पाणी काही त्यांनी टाकून द्यायला नव्हतं घेतलं.”

२० मार्चला परिषदेचे काम संपत आले तेव्हा तळ्यावर जायचे ठरले. चार-चारच्या रांगा करून लोक गावातून शिस्तीने निघाले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मागोमाग सर्वांनी घेतले. पाणी प्यायले ते या दिवशी. आपण २० मार्चला ‘समता दिन’ पाळतो तो यासाठी. पुढची दोन तास बरीच शांतता होती. नंतर कोणी तरी आवई उठवली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपावर आला. लोक जेवत होते, काही निघायच्या तयारीत बांधाबांध करत होते. अन्न मातीत मिसळले, माणसे रक्तबंबाळ झाली. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बंगल्यावर बाबासाहेबांपाशी पलटणीतून आलेले, हात शिवशिवणारे कित्येक गडी होते. त्यांना एक शब्द पुरला असता. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. पुढे खटला होऊन हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. आणि तळे? तळ्यात गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. ज्या पाण्यात शेण ओतले ते शुद्ध आणि माणसाचा हात लागला ते अशुद्ध. यावर आम्ही अधिक काय लिहावे!

माणगाव आले. पाटी पाहून पोरांनी विचारले, शाहू महाराज आणि बाबासाहेबांची माणगाव परिषद ती हीच का? नव्हे. ती १९२० च्या मार्चची परिषद कोल्हापूरकडच्या माणगावची. हा घोटाळा मोठ्या माणसांचाही होतो, आमचाही झालेला आहे, म्हणून मुद्दाम लिहून ठेवले. माणगावहून मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ दिसले, १९८९ साली स्थापन झालेले. चहा झाला, आणि थोड्या वेळात दासगाव.

इथे गाडी थांबवली. आमच्या सफरीचा खरा आरंभ इथून होता.

मार्चनंतर काय झाले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपलाच जुना ठराव फिरवला. बाबासाहेबांनी मग २५ डिसेंबरला दुसरी परिषद, म्हणजे सत्याग्रह परिषद, जाहीर केली. इकडे तळ्याभोवतालच्या सवर्ण मंडळींनी, तळे खाजगी आहे असे म्हणून दिवाणी कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला जागा मिळू नये, वाणसामान मिळू नये, असा सगळा बंदोबस्त झाला. जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. वाणसामान बाहेरून दहा दिवसांचे आणून ठेवावे लागले. आणि जायचे कसे? मुंबईहून धरमतरमार्गे मोटारी जात. पण मोटारवाले ऐन वेळी वाटेत दगा देतील अशी धास्ती होती. म्हणून बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने निघाले, समुद्रातून हरिहरेश्वर, तिथून सावित्रीच्या खाडीने आत, आणि २५ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास दासगाव बंदरावर उतरले. तिथून महाड पाच मैल. पायी.

लक्षात घ्या, ही वाट त्यांनी सोयीची म्हणून निवडलेली नव्हती. जिथे जिथे नकार होता तो भाग वगळला की जी उरते ती ही वाट. सफर आखताना आम्ही नकाशावर जवळचा रस्ता शोधत होतो, आणि त्यांना शोधायचा होता तो अडवला न जाणारा रस्ता.

दासगावला आता बोटी लागत नाहीत. खाडी आहे, गाव आहे, जवळून कोकण रेल्वे जाते. २००५ च्या जुलैतल्या पावसात इथे दरड कोसळून माणसे गेली, त्याची आठवण गावात अजून निघते. खाडीच्या काठी आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले आणि चालायला लागलो. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. पुस्तकात ही ओळ वाचायला दोन सेकंद लागतात. महामार्गाच्या कडेने चालताना एकेक ट्रक अंगावर धूळ उडवून जातो आणि डिसेंबर असूनही कोकणातले ऊन डोक्यावर घाम काढते. सत्याग्रही भर दुपारी चालले होते. आक्का दोन किलोमीटर चालल्या आणि गुडघ्याने दगा दिला तेव्हा नाइलाजाने गाडीत बसल्या. पण गाडी त्यांनी आमच्या मागे मागे, चालीच्या वेगाने चालवायला लावली. ड्रायव्हर बिचारा मुकाट्याने ऐकत होता. मागून हॉर्न मारणाऱ्यांना आक्का खिडकीतून हात करून ‘जा पुढे’ म्हणत होत्या.

महाड तीनेक किलोमीटर राहिले असताना डोंगराच्या उभ्या कड्यात लेणी दिसू लागतात. ही गांधारपाले लेणी. सुमारे तीस लेणी, सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीची. दासगावाहून महाडला चालत येणाऱ्या माणसाला ही लेणी दिसल्याशिवाय राहात नाहीत, हे आम्हाला गाडीतून कधी कळले नसते. वर चढून गेलो. ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे, काणभोअ विष्णुपालित या कुमाराच्या दानाचा : लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या आणि लेण्याच्या बाजूला पाण्याच्या पोढी. पोढी म्हणजे खडकात कोरलेले टाके. डोंगर फोडून भिक्खूंसाठी आणि वाटसरूंसाठी पाणी साठवणाऱ्यांच्या मुलखात अठराशे वर्षांनी तळ्याला पहारा बसला. पाचवीतली मुलगी एका टाक्यात वाकून पाहात होती. “हे कोण प्यायचं?” तिने विचारले. भिक्खू, म्हटले, आणि जो येईल तो.

बाबासाहेबांनी १९२७ सालच्याच महाडच्या मुक्कामात इथली प्राचीन लेणी पाहिल्याची नोंद चरित्रात आहे. भिक्खूंच्या त्यागी जीवनाविषयी ते सहकाऱ्यांना सांगत होते, आणि इथल्या दगडी बैठकांवर बसू नका, त्या भिक्खूंच्या बसण्याच्या जागा असतील, असे त्यांनी बजावले. १९५६ च्या धम्मदीक्षेला अजून एकोणतीस वर्षे होती. आम्ही दमलेलो होतो, चार-पाच जण तिथेच टेकले होते. हे आठवले तेव्हा सगळे गपचूप उठले.

महाडात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. २५ डिसेंबर असल्यामुळे गर्दी होती, पण २० मार्चइतकी नव्हे. क्रांतिस्तंभापाशी महिलांचे मोठे जथे होते. मनुस्मृती दहनाचा हा दिवस अनेक महिला संघटना भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. आमच्यातल्या आयाबायांनी तिथे मेणबत्त्या लावल्या. २५ डिसेंबरच्या त्या रात्री मंडपासमोर खड्डा खणून मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, म्हणजे जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने, आणि अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी. राजभोज म्हणजे आपल्या पुण्याच्या चळवळीतले. इथे आणखी एक पुण्याचीच गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला, पण ब्राह्मणांना त्यात घेऊ नये या अटीवर. बाबासाहेबांनी अट मान्य केली नाही. त्यांचे भांडण ब्राह्मण्याशी होते. सहस्रबुद्ध्यांचा हात त्या ठरावावर असणे म्हणूनच महत्त्वाचे.

परिषदेनंतर बाबासाहेब स्त्रियांपुढे बोलले. जुनी ओळखीची लुगडी नेसण्याची पद्धत, चांदी-कथलाचे जड दागिने, यांवरूनच तुमची जात ओळखतात, ते सोडा, मुलींना शिकवा, असे त्यांचे सांगणे होते. त्यानंतर बायकांनी नेसण्याची तऱ्हा बदलली. आक्का म्हणाल्या, “सासूबाई सांगायच्या, आमच्या चुलतसासूनं घरी आल्या आल्या गोठ काढून ठेवले. नवरा ओरडला, म्हणाला विकू तरी. तर म्हणाली, विका.”

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी आम्ही आलो. परिषदेत सत्याग्रह करण्यासाठी जवळजवळ चार हजार लोकांनी नावे नोंदवलेली होती. परिणाम माहीत असून. मार झाला तो नऊ महिन्यांपूर्वीच, याच गावात. तुरुंगात जायची तयारी होती. जिल्ह्याच्या कलेक्टरने परिषदेत येऊन कोर्टाचा हुकूम मोडू नका असे सांगितले. बोलणाऱ्यांत बहुतेक जण म्हणत होते, आता थांबायचे नाही. बाबासाहेबांपुढे पेच होता. भांडण सवर्णांशी आहे, सरकारशी नाही. हुकूम मोडला तर आपली माणसे सरकारच्या अंगावर जाणार, तुरुंगात खितपत पडणार आणि तळे खाजगी असल्याचा खोटा दावा तसाच राहणार. कोर्टात लढून तळे सार्वजनिक आहे हे सिद्ध केले तर हक्क कायमचा पदरात पडेल. २७ डिसेंबरला सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. लोक नाराज होते, पण त्यांनी ऐकले. मग मिरवणूक निघाली, गावातून, तळ्याच्या बाजूने, शांततेने, आणि परत मंडपाकडे. ओंजळ कोणी भरली नाही.

ही म्हातारबाबांची गोष्ट. शब्दाला शब्द.

पुढचे कोर्टाचे काम दहा वर्षे चालले. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने दावा बाबासाहेबांच्या बाजूने निकालात काढला, वादी वर गेले, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांच्यापुढे अपील फेटाळले गेले. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादिकालापासूनची रूढी वाद्यांना सिद्ध करता आली नाही. मुंबईतला एक बॅरिस्टर आणि त्याच्यामागे उभी असलेली, ओंजळ न भरता माघारी गेलेली ती माणसे यांनी हे जिंकले.

आम्ही तळ्यावर पोहोचलो तेव्हा तीन वाजले असतील. तळ्यात बाबासाहेबांचा पुतळा आहे, काठावर पायऱ्या. लोक वाकून पाणी घेत होते, डोळ्यांना लावत होते. कॉलेजची पोरे धावतच खाली गेली. आक्का वरच उभ्या राहिल्या. कोणीतरी म्हणाले, आक्का, या की, ओंजळभर घ्या, एवढ्या लांबून आलात. त्या म्हणाल्या, “आज पंचवीस डिसेंबर आहे. आज प्यायचं नसतं. मामंजी नाही प्यायले.”

यावर काठावरच वाद झाला, तोही लिहून ठेवतो. एक पोरगा म्हणाला, आक्का, तेव्हा कोर्टाची बंदी होती. आता हक्क आहे, तो ज्यांनी मिळवून दिला त्यांच्यासाठी तरी प्यायला पाहिजे. गुरुजी पोराच्या बाजूने. आमच्यातले सेक्रेटरी म्हणाले, हे सगळे लेखात लिहू नका. आपले लोक पाणी न पिता परत आले असे छापले तर वाचणाऱ्यांना वाटेल हरले. नवी पिढी आधीच कशात उत्साह घेत नाही. आम्हाला मात्र, खरे सांगायचे तर, तिथे तळ्याच्या पायरीवर उभे असताना पहिल्यांदा वाटले की मार्चची ओंजळ धैर्याची होती आणि डिसेंबरची न भरलेली ओंजळ त्याहून कठीण होती. चिडलेली चार हजार माणसे पाण्यापाशी येतात आणि एका माणसाच्या शब्दावर, कोर्टात निकाल लागेल या भरवशावर, मागे फिरतात. ज्या कोर्टात आजवर त्यांना न्याय मिळालेला नव्हता त्या कोर्टाच्या भरवशावर! त्याला हार म्हणायचे असेल तर म्हणा.

पोरे प्यायली. आक्का नाही प्यायल्या. दोघांचेही आम्हाला पटले.

परतीची वाट तीच, माणगाव, ताम्हिणी, मुळशी. गाडीत फारसे कोणी बोलले नाही, पाचवीतली मुलगी आक्कांच्या मांडीवर झोपली. रात्री पुण्यात शिरताना पर्वतीवरचे दिवे दिसले तेव्हा गुरुजी म्हणाले, महाडनंतर दोनच वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९२९ ला, या टेकडीवर आपल्या लोकांनी सत्याग्रह सुरू केला. शिवराम जानबा कांबळे होते, राजभोज होते. दगड खाल्ले. त्या पायऱ्या आपल्या घरापासून किती लांब आहेत, आणि आपण आपल्या मुलांना त्या कधी दाखवल्या का? कोणी उत्तर दिले नाही. पुढच्या सफरीला गाडी लागणार नाही एवढे मात्र ठरले.

राहिली भिंत. परत आल्यावर कमिटीची बैठक झाली. जुनी ओळ पुसायची यावर एकमत झाले, नवी काय लिहायची यावर दोन बैठका गेल्या. ‘माघारी’ हा शब्द नको असे काहींचे म्हणणे होते. ‘तहकूब’ सुचवला गेला, तो मुलांना कळणार नाही म्हणून पडला. शेवटी गुरुजींनी मजकूर लिहिला आणि आधी आक्कांना वाचून दाखवला. तो आता असा आहे : ‘२० मार्च १९२७, चवदार तळ्याचे पाणी प्राशन. २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृती दहन. २७ डिसेंबर १९२७, सत्याग्रही तळ्यावरून शांततेने माघारी. १७ मार्च १९३७, हायकोर्टात विजय.’

एकाच्या चार ओळी झाल्या. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, त्यामुळे खर्च जुन्या ओळीपेक्षा बराच वाढला. ती वर्गणी आक्कांनी एकटीने दिली, पावती घेतली नाही. येत्या २० मार्चला पुन्हा गाडी महाडला जाणार आहे. ज्यांना दासगावापासून चालायचे आहे त्यांनी आपली नावे विहारात गुरुजींकडे द्यावीत. पहिले नाव आक्कांचे लिहून झाले आहे. त्या दिवशी त्या पाणी पिणार आहेत.